बावीस मिनिटांची कॅसेट

मंगळवार, १४ मार्च
शेड, सकाळचे साडेदहा

प्रिय ताई,

सहा महिन्यांनी पत्र लिहितो आहे, तेव्हा आधी राग गिळ आणि मग पुढे वाच. इथे सगळे ठीक आहेत. बाबांचा गुडघा दुखतो, म्हणून ते स्टुलावर बसून काम करतात आणि बसल्या बसल्या माझ्या चुका काढतात. आईने तुझ्या खोलीतला पलंग खिडकीजवळ सरकवला आणि आठवड्याने पुन्हा भिंतीकडे नेला. का म्हणून विचारलं, तर म्हणाली, "झाडायचं होतं." मावशीला माझा नमस्कार सांग. चष्म्याच्या दुकानातलं काम तुला जमतंय, हे आईकडून कळलं. भिंगं घासायची म्हणजे आपल्याच घराण्यातलं काम. आम्ही सर्फिंगचे बोर्ड घासतो, तू काचा घास.

आता कामाचं. सोबत एक कागद आहे. एका रेकॉर्ड कंपनीच्या माणसाने आपली पहिली कॅसेट ऐकली. त्याला ती सहा गाणी तबकडीवर काढायची आहेत, मोठ्या काळ्या तबकडीवर. तो दोनदा शेडमध्ये येऊन गेला. बोर्डांना लावायच्या रेझिनचा वास सहन होईना म्हणून तो नाकाला रुमाल लावून बोलत होता, त्यामुळे त्याचं निम्मं मला कळलं नाही. पण एवढं कळलं की कोणी काय वाजवलं ते कागदावर लिहून द्यायचं आणि प्रत्येकाने खाली सही करायची. ड्रम मी. बास आपला ताडमाड खांब. गिटार आणि गाणं तू. जिथे पेन्सिलीने फुली केली आहे तिथे सही कर. पेनाने कर, आणि सहीच्या आधी कागद नीट वाच. वाचायला दोन मिनिटं लागतात. मी घड्याळ लावून पाहिलं.

खांब बरा आहे. अजून बर्फाच्या कारखान्यातच आहे आणि अजून दाराच्या चौकटीला डोकं आपटतो. त्याने तबकडीची बातमी ऐकली आणि बर्फाच्या गाडीचा भोंगा इतका वेळ वाजवला, की खालच्या मजल्यावरची बाई बाहेर आली. तीच, जिने "जिन्यात ओले टॉवेल वाळत घालायचे नाहीत!" म्हणून आरडाओरडा केला होता आणि तू तिच्या तोंडावर म्हणाली होतीस, "बँडला नाव मिळालं!" तिला कळवलं की 'ओले टॉवेल' आता तबकडीवर येणार. ती म्हणाली, "आता तरी वाळले का?"

परवा कपाट आवरताना आपलं सगळं सामान सापडलं. पुठ्ठा कापून केलेला अक्षरांचा साचा. पोस्टरं चिकटवायच्या खळीचा डबा, तळाशी खळ सुकून दगड झालेली. दाराच्या जुन्या स्प्रिंगा घालून तू केलेला तो पत्र्याचा डबा, ज्यातून गिटार नेली की आवाज पाण्यातून आल्यासारखा ओला व्हायचा. आणि पहिल्या कॅसेटींमधली, आपण विकायला न नेता ठेवून घेतलेली एक. वेष्टनावर लाट तू हाताने काढलेली, चाळीस वेळा, आणि प्रत्येक लाट वेगळी. मी म्हटलं होतं, एक साचा करू, सगळ्या सारख्या होतील. तू म्हणालीस, "घासू, समुद्रात दोन सारख्या लाटा दाखव, मग साचा कर."

चाळीस कॅसेटी कोरड्या पोहण्याच्या तलावातल्या कार्यक्रमाला संपल्या. मग दोनशे काढल्या. बावीस मिनिटांची एक कॉपी, बावीस मिनिटं समोर बसून. मग रेडिओवालीने लावली आणि पुढे मी मोजायचं सोडलं, जे मी सहसा सोडत नाही. तुला आठवत असेल, रेडिओवालीने मला विचारलं होतं, "तुमच्या गिटारचा प्रतिध्वनी सुराच्या आधी कसा ऐकू येतो? प्रतिध्वनी नंतर येतो ना?" तू हसत माझ्याकडे बघत होतीस. मी स्प्रिंगच्या डब्याचं काहीबाही सांगितलं. सगळ्यांना तेच आवडलं होतं, तो आधी येणारा आवाज. तबकडीवालासुद्धा पहिलं वाक्य तेच बोलला.

आणखी एक गोष्ट लिहायची होती. पण तिचा या कागदाशी संबंध नाही, म्हणून आज लिहीत नाही.

कागद घडी न घालता पाठव. पाकीट मोठं घे.

तुझा
घासू


गुरुवार, २३ मार्च

घासू,

सही केली. पाकीट मोठं घेतलं. कागद वाचला नाही, तू वाचलास तेवढं पुरे.

मावशीच्या टेपवर परवा आपली कॅसेट लावली. तिला ऐकायची होती. दुसऱ्या गाण्याशी ती म्हणाली, "ही तू वाजवतेस?" मी म्हटलं, "वाजवायचे." खरं सांगू, मला त्या मुलीचा हेवा वाटला. आठ-दहा दिवस माझ्या हातात काहीतरी येऊन बसलं होतं, सहा गाण्यांपुरतं, आणि मग ते उठून गेलं. का आलं ते कळलं नाही, का गेलं तेही नाही. मी फार शोधलं रे. तू तर बघितलंसच.

गिटार इथल्या शाळेला देऊन टाकली. पोरं तारा ओढतात आणि पळतात. त्यांचं बरं चाललंय.

तबकडी निघाली की एक पाठव. वाजवणार नाही, पण मावशीला भिंतीवर लावायची आहे.

तुझी
ताई


मंगळवार, ४ एप्रिल
शेड

ताई,

तुझं पत्र गेल्या शनिवारच्या आदल्या शनिवारी आलं. या पत्राचे मी चार कच्चे खर्डे केले. चारही नीट होते. चारही फाडले, कारण प्रत्येकात मी दुसऱ्या पानापर्यंत हवापाण्याचंच लिहीत होतो. आता पहिल्याच ओळीत लिहितो.

कॅसेटवरची गिटार तुझी नाही. ती माझी आहे. सहाही गाण्यांत.

हे लिहून मी बाहेर जाऊन आलो. आता पुढचं क्रमाने लिहितो, म्हणजे काही सुटणार नाही.

आपण तिघांनी इथे शेडमध्ये एकत्र वाजवून ती गाणी चार ट्रॅकच्या मशीनवर घेतली, एका रविवारी. एका ट्रॅकवर ड्रम, एकावर बास, एकावर गिटार, एकावर वाजवून झाल्यावर गायलेला तुझा गळा. सोमवारी सकाळी तू आणि आई मावशीच्या ऑपरेशनसाठी गेलात. दारात तू म्हणालीस, "सगळं झालंय. हात लावू नकोस. फक्त कॉप्या काढ." मी हो म्हटलं. तू आठ दिवस नव्हतीस.

सोमवारी दुपारी कॉप्या काढायला बसलो. काढण्याआधी एकदा नीट ऐकावं म्हणून ऐकलं. दुसऱ्या गाण्यात, जिथे सूर खाली येतो, तिथे तुझी गिटार ड्रमच्या पुढे पळत होती. अगदी केसभर. मी ते अकरा वेळा ऐकलं. शनिवारी तलावात लोक येणार, कॅसेट घरी नेणार, आणि घरी बसून त्यांना हे ऐकू येणार, असं मला वाटायला लागलं. चूक राहिली असं वाटलं की मला पुढे जाता येत नाही ते तुला माहीत आहे. शाळा नववीत सुटली ती यामुळेच. उत्तर येत असायचं, पण ते पूर्ण बरोबर आहे याची खात्री होईपर्यंत वेळ संपायचा.

तर मी फक्त तेवढी एक जागा दुरुस्त करायचं ठरवलं. तुझी गिटार इथेच होती. वाजवायला तूच शिकवलेलं, त्यामुळे तुझी बोटं कुठे जातात ते माझ्या बोटांना ठाऊक होतं. ती जागा नीट झाली. पण बोर्डाचं तुला माहीत आहे. एक चीर भरून घासली की शेजारचा जुना ओरखडा डोळ्यांत येतो. बुधवारपर्यंत दुसरं गाणं झालं. शुक्रवारी सकाळी सहाही गाणी झाली.

ट्रॅक चारच होते. पाचवा नव्हता. माझं भरायचं तर तुझं पुसावं लागत होतं. मी पुसलं. एकेक ओळ, मागे नेऊन, बटण दाबून. तेव्हा मला पुसल्यासारखं वाटलंच नाही. पॉलिश पेपर मारल्यासारखं वाटलं.

तलावातला कार्यक्रम मग मावशीच्या ऑपरेशनमुळे एक आठवडा पुढे गेला आणि तू त्याच्या आधी आलीस. पिशवी खांद्यावरच होती आणि तू म्हणालीस, "लाव." मी लावली. तू उभ्यानेच ऐकलीस. दुसरं गाणं संपलं तेव्हा तू म्हणालीस, "हे मी वाजवलंय?"

मी म्हटलं, "मग कोणी?"

तू पिशवी टाकलीस आणि बाबांना हाताला धरून शेडभर नाचवलंस. बाबांच्या हातात रेझिनचा ब्रश होता, त्याचा शिंतोडा अजून छपराच्या वाशावर आहे. इतकं खूश मी तुला त्याआधी पाहिलं नव्हतं. मनात म्हटलं, उद्या सांगू.

तो उद्या पुढे जात राहिला, आणि शनिवारी तलावात चाळीस कॅसेटी संपल्या.

त्यानंतर तू त्या कॅसेटसारखं वाजवायला बसलीस. रोज, चष्मा लावून अभ्यास करावा तशी. टेप लावायची, थांबवायची, वाजवायचं, पुन्हा लावायची. बोटांना चिकटपट्ट्या. मी शेडच्या त्या टोकाला बोर्ड घासत असायचो आणि तू माझ्या गिटारच्या मागे धावत असायचीस, ती तुझीच आहे असं समजून. एकदा तू म्हणालीस, "मी पळते रे. पूर्वी पळत नव्हते." आणि ताई, ताल मोजायला टिकटिक करणारं ते यंत्र तुला मीच आणून दिलं होतं. वेष्टनात गुंडाळून दिलं होतं.

धक्क्यावरच्या त्या कार्यक्रमाचं तू कधी बोलली नाहीस. मीही नाही. एवढी माणसं आपल्यासमोर कधीच आली नव्हती. चौथ्या गाण्यात कोणीतरी ओरडलं, "कॅसेटसारखं वाजव की!" लोक हसले. वाईट नव्हते हसत. तू दोन ओळी वाजवल्यास, मग गिटार काढून पेटीला टेकवून ठेवलीस, घाई न करता. माझ्या शेजारून जाताना तू वाकलीस आणि म्हणालीस, "घासू, ते आता येत नाही रे मला."

तेव्हा सांगायला एक वाक्य पुरलं असतं. माझ्या दोन्ही हातांत काठ्या होत्या आणि मी म्हटलं, "येईल."

तू दुसऱ्या दिवशी मावशीकडे गेलीस.

आता तुझं पत्र आल्यानंतरचं. त्यातली ती 'त्या मुलीचा हेवा' ही ओळ वाचून मी कागद पाकिटात परत घातला आणि दिवसभर एक बोर्ड घासला. तो घासायचा नव्हता. तो दुरुस्त होऊन गिऱ्हाइकाची वाट बघत होता. बाबा म्हणाले, "भोक पाडणार आहेस का?"

दुसऱ्या दिवशी, रविवारी, कंपनीसाठी चारही ट्रॅक वेगवेगळे करून द्यायचे होते. म्हणून मी ड्रमचा ट्रॅक एकटा लावला. दोन वर्षांत तो एकटा कधी ऐकला नव्हता. स्वतःचं कशाला ऐकायचं?

त्यात तू आहेस.

आपण एकाच खोलीत वाजवत होतो ना. ड्रमसमोर ठेवलेल्या माइकमध्ये तुझी गिटार शिरली होती. लांबून, पत्र्यावरून आपटून आल्यासारखी, बारीक. मी तुझा ट्रॅक पुसला, पण माझ्या ट्रॅकमधली तू मला पुसता आली नाहीस, कारण तू तिथे आहेस हेच मला माहीत नव्हतं. रेडिओवालीला जो प्रतिध्वनी सुराच्या आधी ऐकू येत होता, तो हा. लोकांनी कॅसेट ज्याच्यासाठी नेली, ती माझी घासलेली गिटार नव्हती. तिच्या केसभर पुढे जाणारा तो आवाज होता. तू होतीस.

आणि अजून एक, जे मला सगळ्यात शेवटी ऐकू आलं. दुसऱ्या गाण्यातली ती जागा, जिथून सगळं सुरू झालं. माझी गिटार बाजूला काढून नुसते ड्रम आणि मागची तू, असं ऐकलं. तू पळत नाहीस. तू बरोबर आहेस. मागे मी पडतोय. सूर खाली येतो तिथे माझा उजवा हात दमतो आणि तू मला ओढून नेतेस, आणि मी ओढला जातो, आणि गाणं धावतं. मी तुझं माप घेतलं ते माझ्याच दमलेल्या हाताने. आणि मग तुला त्या मापात बसायला लावलं, एक वर्षभर.

खांबाला मंगळवारी बोलावून ऐकवलं. तो डोळे मिटून बसला. पहिल्या गाण्याच्या मध्यावर म्हणाला, "हिला मी ओळखतो." मग मी त्याला सगळं सांगितलं. तो शिव्या देईल म्हणून मी तयार होतो. त्याने फक्त विचारलं, "ती धक्क्यावरून गेली तेव्हा तुला माहीत होतं?" मी हो म्हटलं. तो उठला, वाकून चौकटीखालून गेला, डोकं न आपटता. त्याचा बास इथेच आहे. तो नंतर आलेला नाही.

बाबांना सांगितलं तेव्हा ते बोर्डावर चिकटवायचं कापड कापत होते. मी म्हटलं, तुम्हीच शिकवलंत, जोड दिसला तर ते काम आपलं म्हणून सांगू नये. जोड कुणाला दिसला नाही, बाबा. त्यांनी कात्री खाली ठेवली. म्हणाले, "बोर्ड गिऱ्हाईक आणून देतं रे, दुरुस्त कर म्हणून. हिने आणून दिला होता का?" मग कात्री उचलून ते पुन्हा कापड कापायला लागले. आईला अजून सांगितलेलं नाही. ते तू सांगायचं की मी, ते तू ठरव.

कंपनीच्या माणसाला खरं लिहून द्यायचं म्हणून फोन केला. तो म्हणाला, "सही आली आहे ना? मग कशाला उकरताय? बहीण-भाऊच आहात." त्याचं म्हणणं, कागद आहे तसा दे, नाहीतर तबकडीचं विसर. म्हणून तुझी सही असलेला कागद मी त्याला दिलेला नाही. तो या पाकिटात आहे. त्यावर 'गिटार' या शब्दापुढे तुझं नाव आहे आणि ते खोटं आहे, आणि तू न वाचता सही केलीस, माझ्यावर विश्वास ठेवून. तो कागद तुझा. फाडलास तर 'ओले टॉवेल' इथे संपेल आणि ते बरोबरच होईल. ठेवलास तरी मी विचारणार नाही.

क्षमा माग, असं मला कोणी सांगितलेलं नाही, आणि ती कशी मागायची ते मला येत नाही. पुसलेलं परत आणता आलं असतं तर काहीतरी मागता आलं असतं. तुझी ती सहा गाणी, तू वाजवलेली, जगात आता कुठेही पूर्ण नाहीत. जेवढी माझ्या माइकमध्ये सांडली तेवढीच आहेत.

ती मी एका कॅसेटवर उतरवली आहेत. तीही पाकिटात आहे. आवाज मोठा ठेव आणि ड्रम सहन कर, ते फार जवळ आहेत. त्यांच्या मागे तू आहेस. मी त्यातलं काहीही साफ केलेलं नाही. खरखर आहे, बाबांचा खोकला आहे, पाचव्या गाण्यात कुठलीशी गाडी जाते, ती तशीच आहे. ते पुसायचं बटण माझ्या हाताखाली होतं आणि मी दोन दिवस त्याच्यापासून लांब बसलो.

परत ये, असं मी लिहीत नाही. तो हक्क मला नाही. वाजव, असंही लिहीत नाही. मावशी विचारेल, ही तू वाजवतेस का, तेव्हा तिला एकदा हो म्हण. एवढं खोटं नाही.

पहिल्या गाण्याच्या आधी तू "चला" म्हणतेस. तेही माझ्या माइकमध्ये आलंय, आणि त्यानंतर मी अर्धी मात्रा उशिरा सुरू होतो. निदान तेवढं ऐक. पुढचं नाही ऐकलंस तरी मला समजेल.

तुझ्या मागे पडलेला,
तुला पुसणारा
तुझा भाऊ